डाक आवृत्ती

४ मार्च

ताई,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तू मध्येच ठेवून दिलास, म्हणून म्हटलं कागद बरा.

बाबा आहेत तसेच आहेत. हृदय दमलंय म्हणतात डॉक्टर, आता औषधांवर दिवस ढकलायचे. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच त्यांचं जग. पण गेल्या आठवड्यात तुमच्या गावच्या पोहण्याच्या क्लबचं पत्र आलं आणि म्हातारा ताठ उठून बसला. क्लब नवा तलाव बांधतोय. नदीतली पहिली मोठी शर्यत ज्याने जिंकली त्याचं नाव तलावाला द्यायचं ठरलंय. बाबा म्हणतात, ती मी जिंकली. तो बाबांबरोबर पोहणारा लांब मानेचा माणूस आठवतो ना, ज्याला सगळे बगळा म्हणायचे? त्याचा मुलगा म्हणतो, आमच्या वडिलांनी. क्लबचे जुने कागद पुरात गेले, तेव्हा आता छापील पुरावा ज्याचा, नाव त्याचं. एप्रिलअखेरची मुदत आहे. बाबांनी उद्घाटनाला जायची तयारीसुद्धा सुरू केलीय. माझ्या नवऱ्याला रोज विचारतात, गाडीत खुर्ची मावेल का रे. भिंतीवर नाव बघायचं आणि मग मरायचं, एवढंच त्यांच्या मनात आहे.

मी म्हटलं, ताईला विचारू का, तिच्या वाचनालयाच्या तळघरात जुने पेपर असतात. तर म्हणाले, "तिला कशाला? बेबी काढेल सगळं. त्या धुळीत काय मिळणार!" माझे नाहीत हं, त्यांचे शब्द.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. मी दिवसभर ऑफिसात दुसरं काय करते? नोकरी मागायला आलेला माणूस खरंच कुठे शिकला, आधीच्या जागेवरून का निघाला, सगळं दुपारच्या चहापर्यंत काढून साहेबांच्या टेबलावर ठेवते. जागची उठतसुद्धा नाही. आता जुने पेपरही स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेत. नाव टाकायचं, पान हजर.

तुला कळवतेय ते एवढ्यासाठीच, की नंतर मला कुणी विचारलंच नाही म्हणून फुगून बसू नयेस. वाटलं तर तूही शोध. बघू कोण आधी पोचतं.

बेबी


१२ मार्च

चि. बेबीस, आशीर्वाद गृहीत धर.

बाबांचं वाक्य वाचलं. नवीन नाही ते. घरी कुणी आलं की ओळख करून द्यायचे: ही धाकटी, माशासारखी पोहते; आणि ही थोरली, पुस्तकं पुसते. पाहुणे हसायचे आणि मी कप उचलून आत जायची. नदीवर गेलो की तू पाण्यात आणि मी काठावर टॉवेल घेऊन. तुला आठवत नसेल. पाण्यातल्या माणसाला काठ कुठे दिसतो?

आमच्याकडे पेपर तीन-तीन महिन्यांचे बांधून ठेवलेत. एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागतो. पानं इतकी करकरीत झालीत की खाली पुठ्ठा सरकवून उलटावी लागतात, नाहीतर कोपरा हातात येतो. नाव टाकायची सोय नाही. महिन्याच्या पहिल्या पानापासून बसायचं आणि हवं ते सापडेपर्यंत नको ते सगळं वाचायचं. नाटकांच्या जाहिराती, हरवलेली मुलं, पंपाच्या दुरुस्त्या. तुला हा वेळ फुकट गेला असं वाटेल. पण बेबी, तुझं यंत्र तू विचारशील तेवढ्याचंच उत्तर देतं. तू जे विचारलंच नाहीस ते तुला कोण सांगणार?

बाबांची गोष्ट तुलाही पाठ आहे. बगळा आधी काठाला लागला, त्याच्या गळ्यात हार पडला, बँड वाजला. मग होडीवाला पंचांकडे गेला आणि म्हणाला, शेवटच्या वळणावर या माणसाने माझ्या होडीला हात लावून दम घेतला. पंच सगळ्यांना विचारत बसले. दिवेलागणीला निकाल फिरला आणि बाबा पहिले ठरले. तोवर बँडवाले घरी गेले होते. बाबा दर वेळी इथे थांबून हसायचे.

तू शोध. काही मिळालं तर छापून पाठव, मलाही बघायचं आहे.

ताई


२१ मार्च

ताई,

जिंकले मी. आणि आता काय करू ते कळत नाही.

सोबतचं पान बघ. तुमच्याच गावचा पेपर, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचा. कुठल्याशा लांबच्या कॉलेजने त्यांच्याकडचे सगळे जुने अंक स्कॅन करून टाकलेत. बाबांचं नाव टाकलं आणि चहा गार व्हायच्या आत पान समोर. स्वच्छ लिहिलंय: पहिला बगळा, दुसरे बाबा. बगळ्याचा हारासकट फोटो आहे. होडीबद्दल चकार शब्द नाही.

मी तिथेच थांबले असं समजू नकोस. होडी, तक्रार, पंच, निकाल बदलला, जे सुचेल ते टाकून पाहिलं. पुढचे अंकही चाळले. एक ओळ नाही. तू म्हणशील, यंत्राला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही. माझ्या कामात ताई, दिसलं नाही म्हणजे नाही. असल्या पुराव्यावर कितीतरी जणांच्या हातची नोकरी गेलीय आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण बाबांनी जन्मभर आपल्याला काय सांगितलं मग? शाळेच्या प्रगतिपुस्तकात मी गुण खोडून वाढवले तर माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी. आणि स्वतः? होडीवाला काय, दिवेलागण काय, बँडवाले घरी गेले काय! आई बिचारी मान डोलवायची.

अंगाची आग झालीय माझ्या. आज संध्याकाळी हे पान त्यांच्या मांडीवर ठेवणार आहे. सकाळीच पुन्हा विचारत होते, खुर्ची मावेल ना.

तुझ्याकडे काही निघालं असेल तर लवकर लिही. निघालं नसेलच म्हणा.

बेबी


३० मार्च

चि. बेबीस,

वाचनालयाच्या छापील कागदावर वेगळं पत्र जोडलं आहे, सही-शिक्क्यासह. क्लबला पाठवायचं झालं तर तुझी अडचण नको. त्यात लिहिलंय ते असं: सदर तिमाहीचा खंड तपासला, आपण पाठवलेल्या पानावरील निकालाविरुद्ध या वाचनालयात कोणताही मजकूर नाही.

तेव्हा तुझंच खरं. पहिला तो, दुसरे बाबा. धुळीत काही मिळत नाही हेही त्यांचं खरंच निघालं.

तुझं पान मात्र फार सुरेख उठलंय. मथळ्याशेजारचा तो बारीक तारासुद्धा दिसतोय. आमच्या झेरॉक्सला हे जमत नाही. यंत्राचं कौतुक करावं तेवढं थोडं.

बाबांना सांगितलंस का? कचरली असशील तर सांगून टाक. मी सांगितलं तर म्हणतील, थोरलीच्या मनात पहिल्यापासून आकस आहे. लाडक्या लेकीने सांगितलेलं माणूस ऐकून घेतो. त्यांच्या समोर बसून सांग आणि तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मला सविस्तर लिही. मी काठावरची, मला इथून दिसत नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

बाबांना सगळं कळलं. त्यांनी स्वतःच मला क्लबला लिहायला बसवलं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. "माझी आठवण चुकीची असावी, माझं नाव मागे घेतो, तसदीबद्दल क्षमस्व." सोबत ते इंटरनेटवरचं पान आणि तुझं शिक्क्याचं पत्र जोडलं. सही करताना मला त्यांचं मनगट धरावं लागलं. भिंतीवरची त्यांची बक्षिसाची ढालही उतरवून ठेवायला लावली. ढालीवर नुसता शर्यतीचा शिक्का आहे, नंबर नाही. इतकी वर्षं आपल्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

जेवण जवळजवळ बंद आहे. गाडीचं विचारत नाहीत आता. औषध दिलं तर घेतात, नाही दिलं तर मागत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघायला यायचं असेल त्यांना बोलावून घ्या.

चेहऱ्याबद्दल विचारलं होतंस. ते लिहिण्यासारखं नाही, येऊन बघ. तुला भेटायचं म्हणतात. दोनदा म्हणाले.

बेबी


२० एप्रिल

चि. बेबीस,

इथे पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू आहे. एकेक कपाट रिकामं करून आकडा जुळवायचा असतो आणि माझ्याशिवाय ते कुणाला उमगत नाही. रजा मिळणार नाही. मागितलीही नाही.

बाबांना सांग, थोरली पुस्तकं पुसतेय.

ताई


२८ मे

चि. बेबीस,

बाबांना नेलं त्या दिवशी तुझ्या घरी माणसं होती, म्हणून बोलले नाही. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस तेव्हासुद्धा तोंडाशी आलं होतं. संध्याकाळच्या बसने परत आले. आता सगळं आटोपलं असेल, पाहुणे गेले असतील, तू निवांत असशील. तेव्हा सोबतचा कागद नीट बघ.

तेच पहिलं पान आहे. तोच पेपर, तीच तारीख. फक्त मथळ्याशेजारी तारा नाही.

आपल्या गावचा पेपर तेव्हा रोज दोनदा छापायचे. बाहेरगावी जाणारा अंक संध्याकाळच्या गाडीने निघायचा, म्हणून तो दुपारीच छापून व्हायचा. त्याला डाक आवृत्ती म्हणायचे आणि ओळखू यावी म्हणून त्यावर तारा असायचा. गावात वाटायचा अंक मागाहून, सगळ्या ताज्या बातम्या घालून छापत. त्यावर तारा नसे. तारीख मात्र दोन्हींवर दुसऱ्या दिवशीची. तुझं ते कॉलेज लांबच्या गावचं, तिथे डाक आवृत्तीच जाणार. तीच त्यांनी जपली आणि तीच स्कॅन केली. आणि गावच्या अंकात येऊन गेलेली बातमी पुढच्या डाक आवृत्तीत शिळी म्हणून पुन्हा घेत नसत. दुपारी पान छापलं तेव्हा बगळ्याच्या गळ्यात हार होताच की. बाबा म्हणायचे ना, निकाल दिवेलागणीला फिरला.

आता बिनताऱ्याचं पान वाच. होडीला हात लावल्याचं शाबीत झाल्याने पंचांनी सायंकाळी निकाल बदलला. पहिल्या क्रमांकावर बाबांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बँडवाल्यांचं काही लिहिलेलं नाही, पण तेही खरंच असणार.

हे तू तुझ्या यंत्रात जन्मभर शोधलं असतंस तरी सापडलं नसतं, कारण गावचा अंक कुणी स्कॅनच केला नाही. तो फक्त आमच्या तळघरात आहे. त्या धुळीत.

मला कधी कळलं म्हणतेस? तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात खंड काढला होता. पाकीट तयार करून ठेवलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पाकीट खणात टाकलं. म्हटलं, बेबी काढणार आहे ना सगळं, काढू दे. तुझं ताऱ्याचं पान आलं तेव्हा मी एकटीच हसले. तारा बोटाने दाखवला तुला, तरी दिसला नाही.

हो, मी खोटं लिहिलं, सही-शिक्क्यासह लिहिलं. मला हेच हवं होतं, की त्यांना खोटं पाडायचं ते तुझ्या हातून. जन्मभर मला हसले, ते तुझ्याकडे बघून. माणूस खरं बोलत होता, बेबी. त्याच्या लाडक्या लेकीने त्याला तोंडावर खोटा ठरवलं आणि तो तसाच गेला. आता हे तू सांभाळ.

ताई


६ जून

ताई,

कागद मिळाला. तारा बघितला. कळलं.

आता माझं ऐक. त्या संध्याकाळी मी ताऱ्याचं पान बाबांच्या मांडीवर ठेवलं होतं. नको नको ते बोललेही. तर ते हसले. अगदी मोकळं हसले. म्हणाले, "हे कसलं पान आणलंस? थांब, ताईचं उत्तर येऊ दे. तिने बघितल्याशिवाय काही खरं नाही." मग चहा मागितला. माझ्या बोलण्याचा ओरखडासुद्धा उठला नाही त्यांच्यावर. हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही. का लिहावं? माझं नाक कापलं गेलं होतं.

त्यानंतर रोज टपालाची वाट बघणं. गेटचा आवाज झाला की, ताईचं आलं का बघ. आलं तेव्हा चष्मा लावून ताठ बसले. मी तुझं शिक्क्याचं पत्र वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग तो कागद हातात घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "ताई म्हणते नाही, म्हणजे नाही. माझंच डोकं फिरलंय. मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत आलो?" चेहरा विचारत होतीस ना? शाळेत चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, बाबा, ताईचंही चुकू शकतं. माझ्यावर ओरडले. शेवटचं ओरडणं तेच. म्हणाले, तिचं चुकत नाही.

आणि पहिल्या पत्रातलं ते वाक्य, ज्यापायी तू पाकीट खणात टाकलंस. ते बाबांचं नव्हतं, माझं होतं. बाबांनी क्लबचं पत्र वाचल्या वाचल्या सांगितलं, "ताईला लिही, तिच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही." मला ते झोंबलं. मी रोज त्यांचं अंग पुसते, भरवते, आणि नाव निघतं ते तुझं. म्हणून उलटं करून लिहिलं. त्याची शिक्षा मला काय व्हायची ती होईल. पण बाबांना मी मारलं नाही, ताई. माझं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

तलावावर बगळ्याचं नाव रंगवून झालंय. तुझा बिनताऱ्याचा कागद परत पाठवतेय. क्लबला द्यायचा तर तूच दे. पण त्यांच्या फायलीत तुझं शिक्क्याचं पत्र आहे, बाबांनी स्वतः जोडलेलं. दोन्ही शेजारी ठेवून ते तुला काय विचारतील आणि मग वाचनालय काय विचारेल, ते तूच बघ. मी दमलेय.

बेबी


११ जून

बेबी,

कागद मिळाला. क्लबचं मी बघीन, तो विषय नको.

तुझं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. मला एवढंच सांग, ते नेमके काय म्हणाले? "तिच्याशिवाय जमायचं नाही" हे शब्द त्यांचे, की तू तुझ्या भाषेत मांडलेस? "तिचं चुकत नाही" म्हणाले, ते नुसतं रागाने, की तसं त्यांना वाटायचं? आधी कधी म्हणाले होते का? घरी आलेल्या कुणासमोर? डॉक्टरांसमोर? तुझा नवरा तेव्हा खोलीत होता का, त्याने ऐकलं का?

एकदा तू त्यांच्या तोंडी स्वतःचं वाक्य घातलंस. तेव्हा हे दुसरं तरी खरं कशावरून? मला दुखवायला रचलं असशील. तसं असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण खरं असेल तर शब्दाला शब्द लिहून पाठव. कधी म्हणाले, कुठे बसले होते, माझं नाव कसं घेतलं, सगळं. ऐकीव नको.

जन्मभर मी लोकांना सांगत आले, एका आधारावर विसंबू नका, दुसरा शोधा. याला दुसरा आधार कुठेच नाही. आमच्या तळघरात नाही आणि तुझ्या इंटरनेटवरही नाही. फक्त तुझ्याकडे आहे.

उलट टपाली उत्तर दे. हवं तर मी येते. रजा मिळेल.

ताई


१९ जून

ताई,

पत्र मिळालं. येऊ नकोस.

शोध तू. तुला जमतं, बाबा म्हणायचे. किंवा नसतील म्हणत.

बेबी